कोंबडी खुडूक बसली? दोन दिवसांत काय ठरवायचं आणि पुढे काय करायचं

परसात चार-सहा कोंबड्या आहेत, रोज दोन-तीन अंडी मिळतायत आणि एक दिवस त्यातली एक खुराड्यातून बाहेरच येत नाही. ती खुडूक झालेली असते, म्हणजे अंडी उबवायला बसायची ओढ तिला लागलेली असते. हात लावायला गेलं तर पिसं फुलवून अंगावर येते. मग घरात दोन पक्ष पडतात. आजी म्हणतात, "बसू द्या तिला, आपोआप उठेल." मुलं म्हणतात, "अंडी ठेवूया ना खाली!" या वादात आठवडा जातो, आणि खरं नुकसान होतं ते या आठवड्यातच. कोंबडीखाली ना अंडी, ना तिला उठवायचा काही प्रयत्न. ती रिकाम्या जागेवर बसून वाळत जाते, बाकीच्यांची अंडी पोटाखाली घेऊन नासवते आणि तिचं बघून कधीकधी दुसरीही खुडूक होते. म्हणून माझं म्हणणं एवढंच: पहिल्या दोन दिवसांत ठरवा. बसवायची तर नीट बसवा, नाहीतर लगेच उठवा.

आधी खात्री करा: खुडूक आहे की आजारी?

खुडूक कोंबडी तल्लख असते. डोळे उघडे, तुरा थोडा फिका पडला तरी मान ताठ. हात जवळ नेला की गुरगुरते, चोच मारते, अंग फुलवून दुप्पट होते. उचलून अंगणात ठेवली की पिसारा फुलवून 'कुडुक् कुडुक्' करत चालते, घाईघाईने दाणे टिपते, पाणी पिते, एकदाच मोठी, भयंकर वासाची शीट टाकते आणि पुन्हा खोक्यात जाऊन बसते. ती शीट एकदा पाहिली (आणि हुंगली) की पुढे शंका राहत नाही; दिवसभर आवरून धरलेली असते ती. पोटाखाली हात घातला तर छातीखालची पिसं गळून कातडी उघडी पडलेली आणि चांगली गरम लागते. अंड्यांना अंगाची ऊब थेट मिळावी म्हणून ती जागा तशी होते.

आजारी कोंबडी विरोध करत नाही. डोळे मिटून, मान आत ओढून कोपऱ्यात उभी राहते, शीट पाण्यासारखी हिरवी किंवा पांढरी असते. अंडं अडकलेली कोंबडी शेपूट वरखाली करत कुंथते, पाय फाकवून उभी राहते. या दोन्हींत डॉक्टरला दाखवायला उशीर करू नका. आणि आसपास कावळे मेलेले दिसत असतील तर कोंबड्या जाळीत बंद ठेवा आणि पशुचिकित्सालयात कळवा. २०२० च्या डिसेंबरअखेर आपल्याकडे इंदूरला डेली कॉलेजच्या आवारात कावळे मरून पडले होते आणि त्यांच्यात बर्ड फ्लूचा एच५एन८ विषाणू सापडला होता. तेव्हा ही भीती पुस्तकातली नाही.

एक साधी परीक्षा रात्रीची. बाकीच्या कोंबड्या दांडीवर चढून झोपतात. तुमची संशयित लागोपाठ दोन रात्री खोक्यातच बसून राहिली, तर ती खुडूक आहे असं समजा.

बसवायची की उठवायची?

हे कोंबडीपेक्षा महिन्यावर जास्त अवलंबून आहे. इंदूरला फेब्रुवारीच्या सुरुवातीला उबवायला बसवली तर महिनाअखेर पिल्लं निघतात आणि मेची लाही सुरू होईपर्यंत अंगावर पिसं येऊन हिंडती होतात. दिवाळीच्या आसपासचा काळही चांगला. पावसाची ओल गेलेली असते, थंडी कडक झालेली नसते. एप्रिल-मेमध्ये मात्र मी बसवत नाही. पारा चाळीसच्या वर गेला की पत्र्याखालच्या खोक्यात कोंबडीच धापा टाकते, अंड्यातला जीव त्याआधीच जातो. भर पावसात ओल्या भुशात बुरशी आणि पिल्लांना रक्ती हगवण, हाही सौदा वाईट.

दुसरा प्रश्न कोंबड्याचा. घरात कोंबडा नसेल तर स्वतःची अंडी उबवून काहीच निघणार नाही, कितीही दिवस बसवा. अशा वेळी ओळखीतून फळलेली अंडी आणायची. दुकानातली पांढरी अंडी या कामाची नाहीत. ज्या कोंबड्या ती देतात त्यांच्या पिंजऱ्यात कोंबडा नसतोच.

तिसरा प्रश्न जातीचा. गावठी आणि असील कोंबड्या उत्तम बसतात, पिल्लांसाठी मुंगसाच्याही अंगावर जातात. पांढरी लेगहॉर्न जवळजवळ कधीच खुडूक होत नाही, तो गुण निवडीतून काढून टाकलेला आहे. आपल्या शेजारच्या झाबुआची कडकनाथ (२०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं) काळ्या मांसासाठी नावाजलेली, पण उबवण्यात कच्ची. ती बसली तरी मध्येच उठून जाण्याचा धोका असतो. म्हणून कडकनाथची अंडी गावठीखाली ठेवायची पद्धत आहे. जाता जाता: कडकनाथचं अंडं काळं नसतं. फिकट बदामी असतं. काळं म्हणून कुणी जास्त पैसे मागत असेल तर पुढच्या दुकानात जा.

आणि शेवटचा, सगळे विसरतात तो प्रश्न: पिल्लांत साधारण निम्मे कोंबडे निघणार. त्यांचं काय करायचं हे अंडी ठेवण्याआधी घरात बोलून घ्या.

उठवायची असेल तर

खुडूकपणा डोक्यात बसलेला नसतो, तो रक्तात असतो. प्रोलॅक्टिन नावाचं संप्रेरक वाढलं की अंडी घालणं थांबतं आणि बसण्याची ओढ लागते. अंधार, मऊ बिछाना आणि पोटाखालची ऊब या तिन्हींनी ते टिकून राहतं. म्हणून उपायही याच्या उलट: उजेड, कडक तळ आणि पोटाखालून वारा.

पिंजरा विकत आणायची गरज नाही. चोइथराम मंडीत भाजी ज्यात येते तसे जाळीदार प्लास्टिकचे दोन क्रेट घ्या. एक सरळ ठेवा, दुसरा त्यावर उपडा, आणि दोन्ही सुतळीने घट्ट बांधा. क्रेट उथळ असतील तर कोंबडीला उभं राहता येणार नाही. उंच निवडा, किंवा सशाचा जुना पिंजरा मिळाला तर उत्तम. खाली चार कोपऱ्यांना दोन-दोन विटा लावून तो जमिनीपासून उचला, म्हणजे तळातून हवा खेळेल. तळाच्या जाळीची छिद्रं कोंबडीचा पाय अडकण्याएवढी मोठी नसावीत, ते बोट घालून पाहून घ्या. आत भुसा, गोणपाट, कागद काहीही टाकायचं नाही. दाणा आणि पाणी मात्र चोवीस तास. उपाशी ठेवून खुडूकपणा जातो ही समजूत चुकीची आहे. आधीच हलकी झालेली कोंबडी आणखी खंगते, एवढंच.

पिंजरा सावलीत ठेवा, पण बाकीच्या कोंबड्यांच्या नजरेसमोर. चार दिवस दृष्टीआड गेलेली कोंबडी परत सोडली की बाकीच्या तिला परकी समजून टोचतात. रात्रीही तिथेच राहू द्या. मांजर आणि मुंगसापासून सुरक्षित आहे ना, एवढं पाहा. उन्हाळ्यात पिंजऱ्याच्या एका बाजूला ओलं गोणपाट टांगा आणि माठातलं पाणी द्या.

तीन दिवसांनी संध्याकाळी सोडा आणि बाजूला उभं राहून पाहा. दाणे टिपत इतरांबरोबर फिरली, अंधार पडल्यावर दांडीवर चढली, तर काम झालं. धावत खोक्याकडे गेली तर उचलून आणखी दोन दिवस आत. पहिल्या-दुसऱ्या दिवशीच पिंजऱ्यात घातलेली कोंबडी लवकर सुटते आणि आठवड्या-दहा दिवसांत अंड्यावर येऊ शकते. दोन-तीन आठवडे बसू दिलेली सुटायलाही जास्त दिवस लागतात आणि पुन्हा अंडं द्यायला त्याहून जास्त.

या काळात खोक्यातली अंडी सकाळी आणि दुपारी, दोनदा उचला. रिकामं खोकं शक्य असेल तर उलटं करून ठेवा.

कोंबडीला बादलीतल्या पाण्यात बुडवणं, नाकातून पीस ओवणं, पाय बांधून टाकणं, हे उपाय गावाकडे अजून ऐकू येतात. यांपैकी एकही करू नका. हिवाळ्यात ओली कोंबडी गारठून मरते, आणि नाकातल्या जखमेत पिकतं. जाळीचा पिंजरा असताना हे करायचं कारणच उरत नाही.

बसवायची असेल तर

*जागा.* बाकीच्या कोंबड्या जिथे अंडी घालतात तिथे तिला बसवू नका. रोज कुणीतरी येऊन तिच्या शेजारी अंडं टाकेल, मग वेगवेगळ्या वयाची अंडी एकत्र होतात. पहिली चार पिल्लं निघाली की ती त्यांना घेऊन उठते आणि बाकीची अंडी अर्ध्यात थंड पडतात. वेगळी, निम्मी अंधारी, वाऱ्यापावसापासून आडोशाची जागा हवी. जुन्या वाड्याचा जिना असेल तर त्याखालची जागा यासाठीच बांधलीय असं वाटतं. फ्लॅटच्या बाल्कनीत हे सगळं करू नये, हे माझं मत.

*खोकं.* चाळीस सेंटिमीटर लांब-रुंद आणि एक वीत खोल पाटी किंवा लाकडी खोकं पुरतं. तळाला चार बोटं चाळलेली माती घाला, मुठीने मधे उथळ खळगा करा, वर गव्हाचा भुसा किंवा आरा मशीनवरचा जाडसर लाकडी भुसा. अगदी बारीक भुसा नको, तो पिल्लांच्या नाकातोंडात जातो. भाताचं तूस माळव्यात शोधत बसू नका, गव्हाचा भुसा हवा तेवढा मिळतो. मातीचा फायदा दुहेरी: अंडी गडगडत कडेला जात नाहीत, आणि हवा कोरडी असेल तेव्हा खोक्याच्या कडेच्या मातीवर चमचाभर पाणी शिंपडलं की ओलावा टिकतो.

*कोंबडीची सफाई.* बसवण्याआधी पंखाखाली आणि शेपटीच्या बुडाशी पिसं उलटी करून पाहा. उवा किंवा रक्त पिणारे बारीक लाल किडे असतील तर एकवीस दिवस एकाच जागी बसलेल्या कोंबडीला ते अक्षरशः पोखरतात. चुलीची चाळलेली राख पिसांत चोळा, खोक्याच्या फटीतही टाका. किडे फार असतील तर डॉक्टरकडून कोंबड्यांसाठीचीच पावडर घ्या, कुत्र्यांची उरलेली नको.

*अंडी.* सात दिवसांपेक्षा जुनी नकोत. मार्चनंतर तर तीन-चार दिवसांपेक्षाही जुनी नकोत, कारण गरम खोलीत गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मग मरतो. साठवताना निमुळतं टोक खाली, घरातल्या सगळ्यात गार कोपऱ्यात. फ्रिजमधली टाळा. धुवायची नाहीत, कवचावरचा नैसर्गिक थर जातो. मळलेली असतील तर सुक्या फडक्याने पुसा, फार घाण असतील तर खाऊन टाका. खूप मोठी, लांबुळकी, तडकलेली बाजूला काढा.

किती ठेवायची? बेताच्या गावठीखाली आठ ते दहा, मोठ्या असीलखाली बारा. ती बसल्यावर पिसाऱ्याच्या कडेला अंडं दिसत असेल तर एक-दोन काढा. कडेचं अंडं थंड पडतं, ती ते आत घेते, मग दुसरं कडेला जातं. अशाने एक नव्हे, चार अंडी जातात. प्रत्येक अंड्यावर पेन्सिलने फुली मारा. मार्करची शाई नको. बिनखुणेचं अंडं दिसलं की ते नवं, ते काढायचं.

*हलवणं.* नव्या जागी न्यायचं तर अंधार पडल्यावर. दिवसा हलवलेली कोंबडी जुन्या जागेकडे पळते. पहिले दोन दिवस तिच्याखाली दोन खोटी किंवा खायची अंडी ठेवा. ती घट्ट बसली की तिसऱ्या रात्री खरी अंडी एकदमच सरकवा. अंड्यांबरोबर लोखंडी खिळा किंवा कोळसा ठेवायचा रिवाज आहे, ढगांच्या गडगडाटाने अंडी खराब होऊ नयेत म्हणून. त्याने काही बिघडत नाही, सुधारतही नाही.

एकवीस दिवस

कोंबडी रोज एकदा, पंधरा ते तीस मिनिटं उठते. खाते, पिते, शीट टाकते, धुळीत लोळते. काही इतक्या हट्टी असतात की उठतच नाहीत. त्यांना रोज ठरावीक वेळी दोन्ही हातांनी उचलून बाहेर ठेवा. उचलण्याआधी पंखाखाली हात फिरवा, तिथे अंडं अडकलेलं असेल तर ते वरून पडून फुटतं. अख्खा मका, गहू, बाजरी असं जड धान्य द्या. दाणा-पाणी खोक्यापासून तीन-चार पावलांवर असावं. अगदी तोंडाशी ठेवलं तर ती उठणार नाही आणि खोक्यातच घाण करेल.

सातव्या रात्री अंडी उजेडावर पाहायची. खोलीतला दिवा बंद करा, मोबाईलच्या टॉर्चवर मूठ अशी धरा की फक्त बोटांच्या फटीतून उजेड येईल, आणि त्यावर अंड्याचं रुंद टोक टेकवा. चांगल्या अंड्यात एक गडद ठिपका आणि त्यातून चहूकडे फुटलेल्या बारीक लाल शिरा दिसतात. क्षणभर थांबलात तर ठिपका हलतानाही दिसतो. पूर्ण स्वच्छ, पिवळसर दिसणारं अंडं फळलेलंच नाही. आत नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीला वाढून मेलेला आहे. ही दोन्ही काढून टाका. काढली नाहीत तर उष्णतेने आत वायू साठून ती फुटतात, आणि तो वास रामबागेच्या एका टोकाला सुटला तर दुसऱ्या टोकाला कळतो. शंका असलेलं अंडं परत ठेवा, चौदाव्या रात्री पुन्हा पाहा. तोपर्यंत चांगलं अंडं वरची हवेची पोकळी सोडून जवळजवळ काळं झालेलं असतं.

अठराव्या दिवसानंतर अंड्यांना हात लावायचा नाही. पिल्लू आत तोंड वर करून जागा घेत असतं.

या काळात मार्चमध्ये रंगपंचमीची गेर (मिरवणूक) आली आणि तुम्ही राजवाड्याच्या बाजूला राहत असाल, तर ढोल-ताशांच्या दिवशी खोक्यावर पातळ चादर टाका, हवेला फट ठेवून. मुरलेली कोंबडी आवाजाला दाद देत नाही, पण पहिल्यांदाच बसलेली तलंग उठून जाऊ शकते.

पिल्लं निघताना

विसाव्या-एकविसाव्या दिवशी कान लावला तर आतून चिवचिव ऐकू येते. कवचाला पहिला टवका उडाल्यापासून पिल्लू बाहेर यायला चोवीस तासही लागू शकतात. मध्ये ते तासन्‌तास शांत पडतं आणि माणसाचा हात शिवशिवायला लागतो. कवच सोलून मदत करू नका. आतल्या पडद्याच्या रक्तवाहिन्या अजून जिवंत असतात. त्या फाटल्या तर रक्तस्राव होतो. पोटात ओढला जाणारा बलकही तेव्हा पूर्ण आत गेलेला नसतो. याच बलकावर नवं पिल्लू दोन दिवस काही न खाता राहू शकतं, म्हणून पहिल्याच तासात दाणे घेऊन धावण्याची गरज नाही. बाविसाव्या-तेविसाव्या दिवसापर्यंत न फुटलेली अंडी काढून टाका, म्हणजे कोंबडी मोकळी होईल.

फक्त दोनच पिल्लं निघाली आणि कोंबडी आणखी सांभाळू शकते असं वाटलं, तर एक-दोन दिवसांची विकतची पिल्लं रात्री अंधारात एकेक करून तिच्या पंखाखाली सरकवा. सकाळी पहाटेच जाऊन पाहा. ती टोचत असेल तर पिल्लं ताबडतोब वेगळी करा.

पुढचे दोन महिने

पाण्याची वाटी उथळ, आणि तीत गोटे घातलेले. बोटभर पाण्यातही पिल्लू बुडतं. खायला चिक स्टार्टर सगळ्यात सोपं. घरचं द्यायचं तर भरडलेला मका, तांदळाची कणी आणि सोयाबीनची पेंड. माळव्यात घरोघरी सोयाबीन असतं म्हणून कच्चं सोयाबीन भरडून घालण्याचा मोह होतो, तो टाळा. कच्च्या सोयाबीनमध्ये प्रथिनं पचू न देणारा घटक असतो, पिल्लं खातात आणि तरी वाढत नाहीत. पेंड किंवा नीट भाजलेलं सोयाबीन चालतं.

मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लस चुकवू नका. पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात, चौथ्या आठवड्याच्या सुमारास पुन्हा, आणि आठ-दहा आठवड्यांना आर-टू-बी टोचून. देवीची लस सहा-आठ आठवड्यांना. अडचण एवढीच की कुपी शंभर किंवा त्याहून जास्त मात्रांची असते आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. म्हणून गल्लीतल्या, ओळखीतल्या कोंबडीवाल्यांनी एकच दिवस ठरवून लस घ्यावी. बर्फात घालूनच आणायची. आपल्याकडे महूला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे; शंका असेल तर तिथे विचारायला तासाभराची वाट फार नाही.

पहिले दोन आठवडे आईसकट सगळ्यांना डालग्याखाली किंवा जाळीत ठेवा. घार, कावळा, मांजर, मुंगूस आणि घूस हे सगळे इंदूरच्या भरवस्तीतही आहेत, आणि घूस जाळीच्या खालून उकरून येते, म्हणून जाळी वीतभर जमिनीत गाडा. संक्रांतीच्या दिवसांत रोज सकाळी अंगण फिरून मांजा वेचा. पिल्लाच्या पायाला गुंडाळलेला मांजा दिसेपर्यंत पाय सुजलेला असतो.

सहा ते आठ आठवड्यांत आई स्वतःच पिल्लांना टोचून दूर करायला लागते, आणि त्याच सुमारास पुन्हा अंड्यावर येते. तिला या वेळी शिंपल्यांचा चुरा आणि भरपूर दाणा द्या, कारण दोन-अडीच महिन्यांत तिचं बरंच वजन उतरलेलं असतं. कॅलेंडरवर तारीख लिहून ठेवा. गावठी कोंबडी एका फेरीत बारा-पंधरा अंडी घालते आणि पुन्हा खुडूक होते, तेव्हा पुढची खेप कधी येईल याचा अंदाज तुम्हाला आधीच असेल आणि ती मेमध्ये पडत असेल तर क्रेट आणि विटा तयार ठेवता येतील.

तीन-चार महिन्यांचे झाले की कोंबडे पहाटे चारला आरवायला लागतात. शेजारच्या काकू पहिल्या आठवड्यात हसून सांगतात, दुसऱ्या आठवड्यात हसत नाहीत. एक ठेवा, बाकीचे त्याआधीच मार्गी लावा.